कॉटभर अंतर

मागच्या अंकात खिशात मावणाऱ्या रोलच्या कॅमेऱ्यांवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला. म्हणजे रोलवाले अजून आहेत, आणि बरेचसे विशीतले आहेत. ज्यांच्या घरी हिंग ठेवायला फिल्मची काळी डबी होती ती पिढी आमची, यांना ती डबी आता नव्याने भेटतेय. बहुतेक प्रश्न वाइड लेन्सच्या (म्हणजे एका फ्रेममध्ये जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या, मिमीचा आकडा जितका लहान तितकी रुंद) छोट्या कॅमेऱ्यांचे आहेत, म्हणून यावेळी तेच घेते.

प्रश्न : ताई, माझा मामा टोकियोला असतो. त्याने तिथनं सेकंडहँड रिको जीआर-१ आणून दिला. पहिला रोल पंचगंगा घाटावर काढला. धुवून आला तर सगळ्या फोटोंत अर्धं आभाळ, अर्ध्या पायऱ्या आणि मध्ये कुठेतरी मुंगीएवढी माणसं. याच्यापेक्षा मोबाइलवर बरे येतात. लेन्सच तशी आहे का माझं चुकतंय? (कोल्हापूर)

उत्तर : मामाला माझा नमस्कार सांग, असा मामा सगळ्यांना मिळो. लेन्सला काही झालेलं नाही. जीआर-१ हा १९९६ सालचा कॅमेरा, २८ मिमीची एफ २.८ लेन्स, आणि ती लेन्स इतकी चांगली निघाली की रिकोने नंतर तीच स्क्रू माउंटमध्ये, म्हणजे आटे फिरवून दुसऱ्या कॅमेऱ्यांवर बसवता येईल अशी, वेगळी बनवून विकली. तेव्हा दोष तिच्यावर नको टाकूस.

आता गंमत बघ, तुझ्या मोबाइलची मेन लेन्ससुद्धा साधारण २४ ते २८ च्या आसपासचीच असते, म्हणजे तेवढंच वाइड. मग मोबाइलवर बरं का येतं? कारण मोबाइलच्या स्क्रीनवर माणूस बारीक दिसला की आपण न कळत दोन पावलं पुढे जातो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की तसं होत नाही, आपण ज्या माणसाकडे बघतोय तो मनातल्या मनात मोठा होतो, आजूबाजूचं सगळं आपण विसरतो, आणि लेन्स बिचारी काहीच विसरत नाही, ती आभाळ, पायऱ्या, कचराकुंडी सगळं इमानेइतबारे घेऊन येते.

थोडा हिशोब सांगते, तो कायमचा डोक्यात ठेव. २८ ची लेन्स आडवी धरली तर दोन मीटरवर फ्रेमची उंची साधारण १.७ मीटर भरते. म्हणजे दोन मीटरवर उभा असलेला माणूस डोक्यापासून चपलेपर्यंत बरोब्बर मावतो. तोच माणूस सहा मीटरवर गेला की फ्रेमच्या एक तृतीयांश उरतो, दहा मीटरवर एक पंचमांश. तू घाटाच्या वरच्या पायरीवरनं काढलेस ना? मग मुंग्याच येणार.

दोन मीटर म्हणजे किती हे पण सांगते कारण मीटर कोणाला दिसत नाही. घरातली कॉट बघ, सव्वासहा-साडेसहा फूट लांब असते, तेवढंच. कॉटच्या एका टोकाला तू आणि दुसऱ्या टोकाला समोरचा माणूस. मी रस्त्यावर अजूनही मनातल्या मनात कॉट टाकते आणि मग बटण दाबते. हसू नकोस, करून बघ.

आणि नुसतं जवळ जाऊनही भागत नाही, वाइडला पुढ्यात काहीतरी लागतं. माझ्याकडे तुझ्याच घाटावरचा एक फोटो आहे. खालच्या कोपऱ्यात दगडी पायरीवर पिळून ठेवलेलं लुगडं, अजून पाणी गळतंय, पायरीवर त्याचा ओला ओघळ, तो पीळ कोपऱ्यातनं निघून तिरका वर जातो आणि जिथे संपतो तिथे ती बाई दुसरं लुगडं आपटायला हात वर करून उभी, आणि तिच्या हाताखालनं नदी दिसते. लुगडं माझ्यापासून हातभर होतं, बाई कॉटभर. आभाळ जवळजवळ नाहीच, कारण मी कॅमेरा खाली झुकवला होता. फोटो काढायच्या आधी विचारलं तर म्हणाली, "माझा कशाला काढतीस गं, देवळाचा काढ की!" दोघींनी हसून घेतलं आणि मग ती तिच्या कामाला लागली, तेव्हा काढला. पुढच्या खेपेला कॉपी नेऊन दिली. तूही जवळ जाणार असशील तर आधी बोल, कॉटभर अंतरावरनं चोरून फोटो काढता येत नाही, आणि काढूही नये.

दुसरा रोल पूर्ण असाच काढ, एकही फोटो तीन मीटरच्या पलीकडचा नाही. मग मला लिही.

प्रश्न : याच कॅमेऱ्याचा अजून एक प्रश्न. रोल घातल्या घातल्या मोटर खूप वेळ घर्रर्र करत राहते आणि आकडा ३६ पासून उलटा मोजत येतो. बिघडलाय का? (कोल्हापूर, वरचाच)

उत्तर : अजिबात नाही. हा कॅमेरा आधी सगळा रोल डबीतनं बाहेर ओढून घेतो आणि प्रत्येक फोटोनंतर एकेक फ्रेम परत आत ढकलतो. म्हणून आकडा म्हणजे किती काढले नाही, किती उरले. याचा फायदा असा की चुकून कोणी मागचं झाकण उघडलं (घरात लहान भाचरं असतील तर उघडणारच) तरी काढलेले फोटो डबीत अंधारात सुरक्षित असतात, उरलेले तेवढे जातात.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र टपरीवर चहा पिताना तिसऱ्याने फोटो काढला, आम्ही दोघं धूसर आणि मागची "उधारी बंद" ची पाटी मात्र एकदम शार्प. असं तीनदा झालं. ऑटोफोकस खराब असेल का? दुरुस्तीला देऊ का? (डोंबिवली)

उत्तर : दुरुस्तीला देऊ नका, उधारी बंदच राहू द्या. ऑटोफोकस व्ह्यूफाइंडरच्या मधोमध बघतो, आणि दोन मित्रांच्या मधोमध काय असतं? पाटी. उपाय जुनाच आहे, आधी मधला भाग एका मित्राच्या तोंडावर आणायचा, बटण अर्धं दाबून धरायचं, मग कॅमेरा हलवून दोघांना फ्रेममध्ये घ्यायचं आणि बटण पूर्ण दाबायचं. पण तिसऱ्या मित्राला हे समजावून सांगेपर्यंत चहा गार होतो, हेही खरं.

तुम्ही कॅमेऱ्याचं नाव लिहिलं नाहीये, पण वरच्यासारखा जीआर-१ असेल तर त्यात स्नॅप मोड असतो. त्यात कॅमेरा फोकस शोधतच नाही, दोन मीटरवर ठोकून ठेवतो. परत आली की नाही कॉट! आता ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, आकडा मोठा तर भोक लहान) जर ८ वर ठेवलं तर साधारण सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं चालण्याइतपत शार्प येतं, म्हणजे टपरी, तुम्ही दोघं आणि पाटी सगळंच. वाइड लेन्सची ही खरी कमाई आहे, ५० च्या लेन्सला हे एवढं सोपं जात नाही.

पण इथे एक मेख आहे आणि बहुतेक जण तिच्यात अडकतात. संध्याकाळ झाली, ॲपर्चर पी वर म्हणजे ऑटोवर आहे, तर कॅमेरा उजेड कमी म्हणून ते २.८ पर्यंत उघडतो, आणि मग तीच सव्वा ते पाचची पट्टी आकसून जेमतेम पावणेदोन ते अडीच मीटरवर येते. लोक म्हणतात स्नॅप मोड बेकार आहे. मोड बेकार नाही, उजेड गेलाय. म्हणून संध्याकाळी ४०० चा रोल घाला (हा आकडा म्हणजे आयएसओ, जितका मोठा तितका कमी उजेडात रोल चालतो), ॲपर्चर ५.६ च्या खाली जाऊ देऊ नका, आणि तेवढ्याने शटर फारच रेंगाळायला लागलं तर कोपर टपरीच्या फळीवर टेकवा. जपानचे छायाचित्रकार दायदो मोरियामा रिकोचे असलेच छोटे कॅमेरे घेऊन वर्षानुवर्षं रस्त्यावर फिरले. त्यांचे फोटो बघा, कितीतरी फोटो काटेकोर शार्प नाहीत, आणि कोणाचं काही अडलेलं नाही.

प्रश्न : मी सेकंड इयरला आहे, जीआर वगैरे स्वप्नात. ती एक प्लास्टिकची बिनसेलची २२ मिमीवाली मिळते ती घेऊ का? आम्ही वेरूळ-अजिंठ्याला जाणार आहोत. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : घे. बिनधास्त घे. याची मूळ आवृत्ती विविटारची, अल्ट्रा वाइड अँड स्लिम नावाची, ती बंद झाल्यावर जुन्या बाजारात तिचे भाव चढले, आणि आता रेटो नावाने जवळपास तसाच नवीन कॅमेरा मिळतो. २२ मिमीची प्लास्टिक लेन्स, ॲपर्चर कायमचं ११, शटर कायमचं १/१२५, फोकस कायमचा. तुला करण्यासारखं काही ठेवलेलंच नाही, रोल पुढे सरकवायचा आणि बटण दाबायचं. साधारण एक मीटरपासून पुढे सगळं चालतं.

पण काहीच बदलत नाही म्हटल्यावर उजेड तुलाच मोजायला लागणार. ११ आणि १/१२५ हे कडक उन्हात साधारण ६४ च्या रोलला जमणारं गणित आहे. ४०० चा रोल घातलास तर भर उन्हात अडीच-पावणेतीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड फिल्मवर पडेल, आणि घाबरू नकोस, रंगीत निगेटिव्ह तेवढं पचवते, कधी कधी तर रंग छान मऊ येतात. उलटं मात्र ती पचवत नाही. ढगाळ वातावरणात ४०० बरोबर बसतो. पण दाट सावलीत गेलास, गुहेत गेलास की संपलं, निगेटिव्ह जवळजवळ कोरी येते.

म्हणून अजिंठ्याला हा कॅमेरा लेण्यांच्या आत बॅगेतच ठेव. आत अंधार, फ्लॅशला बंदी (आणि ती बंदी योग्यच आहे, ती चित्रं काय आपल्या फोटोसाठी थांबलेली नाहीत), आणि या कॅमेऱ्याला फ्लॅश नाहीच. तिथे डोळ्यांनीच बघ, खरं तर तेच जास्त लक्षात राहतं. बाहेर वाघुर नदीचा घोड्याच्या नालेसारखा वळसा आहे, तो समोरच्या डोंगरावरनं घे, वाइडला असं ठिकाण शोधून सापडत नाही.

वेरूळच्या कैलासाला मात्र रोल राखून ठेव. सोळा नंबरचं लेणं, वरून खाली कोरत आणलेलं, त्यामुळे अंगण उघडं आहे, उजेड वरनं सरळ आत पडतो. इथे एक खेळ करून बघ. अंगणात उभा राहून कॅमेरा वर उचललास तर तीनही बाजूंचा कातळ आत झुकल्यासारखा येतो, उंच सरळ खांब वर जाऊन एकमेकांकडे कलतात. एरवी हा दोष. कैलासात तो बरा दिसतो कारण तिथे उभं राहिल्यावर आपल्याला वाटतंही तसंच, डोंगर आपल्यावर ओणवा झालाय असं. पण दुसरा फोटो कॅमेरा एकदम सपाट धरून काढ, वर-खाली जराही नाही, आणि पुढ्यात त्या दगडी हत्तींपैकी एक घे, जवळून, मीटरभरावरनं. सोंड तुटकी आहे ती पण येऊ दे. मग मागचं मंदिर आपोआप केवढं आहे ते कळतं. कडा जराशा वाकड्या येतील, कोपरे काळवंडतील, प्लास्टिक आहे बाबा, त्याच्याकडनं किती अपेक्षा करायची.

अजून एक, २२ मिमी म्हणजे इतकं वाइड की डाव्या हाताचं बोट फोटोत येतंच. माझ्या पहिल्या रोलमध्ये ३६ पैकी ११ फोटोंत माझी करंगळी होती. कॅमेरा चिमटीत, वरनं-खालनं धर.

प्रश्न : आईच्या पंचाहत्तरीला घरातल्या सगळ्यांचा ग्रुप फोटो छोट्या वाइड कॅमेऱ्याने काढला. आई पुढे पांढरीफटक, मागचे काका-काकू अंधारात, आणि कडेला बसलेली आत्या आहे त्याच्या दीडपट रुंद. आत्या अजून बोलत नाहीये. (नाशिक)

उत्तर : आत्यांचं बरोबर आहे, मीही बोलले नसते. वाइड लेन्स कडेच्या गोष्टी बाहेरच्या बाजूला ताणते, मधला माणूस जसा आहे तसा येतो आणि टोकाचा पसरतो. कॅमेरा बिघडलेला नसतो, रुंद कोन सपाट फिल्मवर बसवायचा म्हटलं की असं होणारच. २८ ला जाणवतं, २४ आणि २१ ला तर लपवताच येत नाही. म्हणून ग्रुप फोटोला टोकाला कोण, हे आधी ठरवायचं. टोकाला सगळ्यात सडपातळ भाचा, कुंडी, दाराची चौकट, काहीही, पण ज्यांच्याकडनं अहेर यायचाय त्यांना मध्ये. आणि दोन पावलं मागे जा, फ्रेमच्या कडांना थोडी रिकामी जागा सोडा. हो, वर मी जवळ जा जवळ जा म्हणत होते, ग्रुप फोटोला तो सल्ला लागू नाही.

फ्लॅशचं दुखणं वेगळं. या कॅमेऱ्यांचा फ्लॅश नखाएवढा, त्याचा पल्ला दोन-तीन मीटर. आई दीड मीटरवर म्हणून तिच्यावर सगळा उजेड, काका चार मीटरवर म्हणून त्यांना उरलासुरला. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, दुप्पट लांब गेलं की चौथाई. एकतर सगळ्यांना साधारण एकाच अंतरावर, अर्धगोलात बसवा, नाहीतर फ्लॅश बंद करून सकाळी गॅलरीच्या दारासमोर, ४०० च्या रोलवर काढा. हे कॅमेरे फ्लॅश आपोआप उडवतात, आणि काही तर बंद करून ठेवलेत तरी परत चालू केल्यावर विसरतात, म्हणून दर वेळी तपासायचं.

आत्यांना मध्ये बसवून एक नवा फोटो काढून द्या. छापून, फ्रेम करून.

प्रश्न : जुना महागडा कॉम्पॅक्ट घ्यावा का? निकॉन २८ टीआय, मिनोल्टा टीसी-१, जीआर-२१ असे दिसतात, किमती बघून चक्कर येते. (पुणे)

उत्तर : कर्ज काढून तर नाहीच. हे नव्वदच्या दशकातले, फार तर २००१ पर्यंतचे कॅमेरे, आत सगळं इलेक्ट्रॉनिक. आपल्याकडे घरोघरी याशिका एमएफ-२ होता, त्याच्यासारखं उघडून, पुसून, परत चालू, असं यांचं होत नाही. पार्ट मिळत नाहीत. जीआर-१ च्या वरच्या छोट्या स्क्रीनचे आकडे उडतात ही तर ठरलेली व्याधी, त्याने फोटो थांबत नाहीत पण किती उरले ते कळत नाही. मोटर गेली तर मात्र पेपरवेट.

माझं सांगते. एका दुकानातनं मी असाच एक घेतला, दुकानदार म्हणाला "टेस्टेड आहे मॅडम", मी मान डोलावली, घरी येऊन रोल घातला तर मोटरने अर्ध्यात जीव सोडला. परत घेतला नाही त्याने. चूक माझी, मी तिथेच सेल घालून बघायला पाहिजे होतं. तेव्हापासून खिशात सीआर-२ चा एक सेल आणि एक जुना वाया गेलेला रोल घेऊनच जाते. दुकानात रोल घालायचा, सगळा ओढू द्यायचा, दहा-बारा वेळा बटण दाबायचं, मागचं झाकण उघडून शटर उघडतंय का ते उजेडासमोर बघायचं, लेन्सवर टॉर्च मारून आत बुरशीचं जाळं दिसतंय का बघायचं. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे.

तुमचं बजेट खरंच असेल आणि मोडला तरी रडणार नसाल, तर जीआर-१. २१ मिमीवाला जीआर-२१ दिसायला मोहात पाडतो पण २१ ने रोजचे फोटो काढणं अवघड आहे, प्रत्येक फ्रेममध्ये पुढ्यात काय ठेवू याचीच चिंता. बाकी, एक रोल आणि तो धुऊन स्कॅन करायचा खर्च मिळून आता हजार रुपये सहज ओलांडतो, तेव्हा कॅमेऱ्यात घातलेले पैसे रोलमध्ये घातले तर जास्त शिकाल असं माझं मत.

प्रश्न : डिसेंबरमध्ये सिंगापूरहून घरी येतेय, बॅगेत दहा रोल आहेत. विमानतळावरच्या मशीनने खराब होतात का? (सिंगापूर)

उत्तर : चेक-इन बॅगेत चुकूनही टाकू नकोस, तिथला एक्स-रे जोरदार असतो. हातातल्या बॅगेत, सगळे रोल एका पारदर्शक पिशवीत, आणि गोड बोलून हाताने तपासायला सांग. जुन्या मशीनमधून ४०० पर्यंतचा रोल एक-दोनदा गेला तर सहसा काही होत नव्हतं, पण आता बऱ्याच ठिकाणी सीटी स्कॅनर आलेत, ते एका फेरीतही फिल्म धुकट करू शकतात. रांगेत लवकर जा म्हणजे विनंती करायला वेळ मिळेल. आणि काढून झालेले रोल शक्य असेल तर तिथेच धुऊन निगेटिव्हच घेऊन ये, निगेटिव्हला कसली भीती नाही.

प्रश्न : आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला बुरशी येते, लेन्सला पण येईल का? आजोबांचा कॅमेरा चामड्याच्या कव्हरमध्ये कपाटात आहे. (रत्नागिरी)

उत्तर : आजच कव्हरमधनं बाहेर काढा, चामडं ओल धरतं आणि बुरशीला तेच हवं असतं. सेल आत असेल तर काढून ठेवा, जुने सेल गळतात. मग स्टीलचा नाही, घट्ट रबरी झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात कॅमेरा आणि सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. रंग बदलणारं जेल मिळालं तर उत्तम, ओल शोषून रंग पालटला की तव्यावर मंद आचेवर परत कोरडं करता येतं, फक्त तो तवा पुन्हा भाकरीला वापरायचा नाही. पंधरा दिवसांनी एकदा कोरड्या दिवशी कॅमेरा बाहेर काढून थोडा चालवा, शटर उडवा, बसून राहिलेला कॅमेरा लवकर आखडतो. रोल फ्रिजमध्ये डबीसकट ठेवले तरी चालतात, वापरायच्या आधी दोन तास बाहेर काढून ठेवायचे, लगेच उघडले तर फिल्मला घाम सुटतो.

आणि डब्यावर मोठ्या अक्षरात "कॅमेरा" लिहा. आमच्याकडे लिहिलं नव्हतं, तर गणपतीत पाहुणे आले तेव्हा सासूबाईंनी कॅमेरा उचलून फ्रिजवर ठेवला आणि त्या डब्यात चकल्या भरल्या. चकल्या मात्र शेवटपर्यंत कुरकुरीत राहिल्या.